परत मागवलेला फोटो

साहेब माझ्याकडे पहिल्यांदा जेवायला बसले, तेव्हा त्यांनी ताटातली चपाती उचलली, खिडकीच्या उजेडाकडे धरली आणि शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली. आडवी लावली, उभी लावली. म्हणाले, "ताई, तीन मिलिमीटर ओव्हॅलिटी आहे."

मी म्हटलं, "ते काय असतं ते मराठीत सांगा."

"गोल नाही."

आता बघा, अठरा वर्षं मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटल्या. माझ्या हातच्या चपात्या खाऊन माणसं सेकंड शिफ्टला उभी राहिली, कुणी कधी पट्टी लावली नाही. मला राग यायला हवा होता. पण माणूस इतक्या गंभीरपणे बोलत होता की हसूच फुटलं. आणि ते मापून झाल्यावर त्या गोल नसलेल्या चपात्या पाच जेवले.

साहेब म्हणजे कुणी मोठे अधिकारी नव्हेत. चाकणच्या बाजूला एका कंपनीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवरून पार्ट निघाला की तो मापायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं, जन्मभर एवढंच काम केलं. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी राखाडी शर्ट तोच, खिशात पट्टी तीच आणि नजरही तीच. वडापाव घेतला तर आधी उलटा करून बघणार. चहाचे सहा कप आले तर सगळे एका ओळीत मांडून कुठल्यात कमी आहे ते सांगणार, आणि कमी भरलेला स्वतःला घेणार. हे शेवटचं लोक विसरतात म्हणून मुद्दाम लिहिते.

आम्ही दहा-बारा जण दर रविवारी सकाळी दहाला काळेवाडीतल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायचो. साहेब धरून सगळे हौशी फोटो काढणारे. एक गॅरेजवाले भाई होते, त्यांना पक्ष्यांचं वेड. हात ग्रीसने काळे, आणि त्या हातांनी काढलेला खंड्या असा की पिसं मोजून घ्या. एक हिंजवडीला नोकरी करणारी पोरगी होती, ती फक्त खिडक्यांचे फोटो काढायची. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. आणि मी. कॅन्टीन सुटायच्या सुमाराला मुलाचा जुना मोबाइल हाताशी आला, म्हणून सुरू केलं. मला कुणी शिकवलं नाही. आधी प्रत्येक फोटोत माझा अंगठा यायचा, पुढे तो यायचा थांबला. तेवढीच माझी प्रगती, असं आमचे हे म्हणतात.

प्रत्येकाने आपल्या आवडीचा एकच फोटो आणायचा. एकच. तोही पोस्टकार्डाएवढा छापून. कुणी मोबाइल पुढे केला की साहेब तोंड फिरवायचे. "हातात येत नाही तो पार्ट नाही." फोटो टेबलावर ठेवायचा आणि ज्याचा असेल त्याने गप्प बसायचं. बाकीच्यांनी बघून बोलायचं. हे गप्प बसणं मला फार जड जायचं. माझ्या एका फोटोत आमच्या गल्लीतली दोरीवर वाळत घातलेली गोधडी होती, आणि ती कुणाच्या लग्नात आली, तिच्यात कुणाचं लुगडं आहे, हे सगळं माझ्या ओठावर आलेलं. तोंड उघडलं तसे साहेब म्हणाले, "ताई, गाडीत पार्टबरोबर ऑपरेटर बसून जात नाही."

म्हणजे काय, तर ज्याने पार्ट केला तो काही गाडीत बसून सांगत फिरत नाही की अहो त्या दिवशी माझा हात दुखत होता. पार्टने स्वतःचं स्वतः बोललं पाहिजे. मी गप्प बसले. आणि काय सांगू, त्या गोधडीबद्दल भाईंनी जे सांगितलं ते मी सांगणार होते त्याहून चांगलं होतं.

सगळं ऐकून झालं की साहेब पिशवीतून टॅग काढायचे. हिरवा म्हणजे पास, पिवळा म्हणजे होल्ड, लाल म्हणजे रिजेक्ट. आमच्यातल्या कितीतरी जणांचे चेहरे त्या तीन कागदांवर चढले-उतरले. देहूच्या घाटावरचा सूर्योदय आला की साहेब डोळेच मिटून घ्यायचे. "हा लॉट माझ्याकडे महिन्याला येतो. सूर्य तोच, घाट तोच. तुम्ही कुठे आहात त्यात?" भाईंच्या त्या खंड्यालाही एकदा लाल टॅग मिळाला. भाई भडकले. "साहेब, चार तास चिखलात बसलो होतो मी!" साहेब शांतपणे म्हणाले, "भाई, मग चिखलाचा काढायचा. तो तुमचा झाला असता." भाई तीन रविवार आले नाहीत. चौथ्या रविवारी आले ते चिखलात उमटलेल्या स्वतःच्या चपलेचा फोटो घेऊन. चपलेच्या खळग्यात पाणी साचलेलं आणि त्या पाण्यात एक पीस. हिरवा टॅग. भाईंनी तो टॅग गॅरेजच्या काचेवर चिकटवला.

दहा म्हणजे दहा. दहाला साहेब दाराला आतून कडी लावायचे. एकदा स्वतः साहेबांनाच उशीर झाला, एक मिनिट. चिंचवडच्या पुलावर ट्रेलर आडवा झाला होता. आम्ही दार उघडलं, म्हटलं या. ते आत येईनात. बाहेर पायरीवर बसले. दोन तास पायरीवर! आम्ही एकेक फोटो खिडकीतून बाहेर द्यायचो, ते बघायचे आणि गजांमधून टॅग आत सरकवायचे. शाळेचा वॉचमन मला विचारतो, "मावशी, यांचं काय चुकलं?" मी म्हटलं, "एक मिनिट."

आता माणसांच्या फोटोंचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्यावर झालं. कुठल्याही माणसाचा फोटो भिंतीवर लावायचा असेल तर त्या माणसाला तो दाखवायचा आणि मागच्या बाजूला त्याची सही आणायची, तारखेसकट. साहेब याला ग्राहकाची सही म्हणायचे. "फोटो तुम्ही काढला, पण चेहरा कुणाचा? ज्याचा चेहरा तो ग्राहक. त्याने नाही म्हटलं की विषय संपला."

आणि हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. त्यांचा स्वतःचा फोटो आम्ही कधीच पाहिला नव्हता. पोरगी एकदा फारच मागे लागली, तेव्हा म्हणाले, एक आहे, पण ग्राहक सही देत नाही. पुढे मी त्यांच्या घरी गेले तेव्हा उलगडा झाला. ग्राहक म्हणजे त्यांची बायको! स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "फोटो छान आहे हो. मला आवडतो. पण सही द्यायची नाही असं मी ठरवलंय. दर पाडव्याला नवा पेन घेऊन समोर उभे राहतात, 'यंदा काय विचार आहे?' म्हणून. सही दिली की कोण विचारतंय मला!"

बाहेरच्या खोलीतून साहेब म्हणाले, "ऐकू येतंय मला."

"ऐकायलाच बोलतेय," त्या म्हणाल्या.

तर आता माझ्याकडे येते.

माझ्या आवडीचा फोटो हौसाचा. हौसा म्हणजे माझी कॅन्टीनची जोडीदारीण. कंपनीशेजारच्या निघोज्याची. मी काळेवाडीहून कंपनीच्या बसने जायची, ती शेतातून चालत यायची. अठरा वर्षं एका ओट्यावर दोघी, मी लाटायची, ती भाजायची. पहाटेपासून आम्ही उभ्या असायचो आणि सगळी कंपनी जेवून गेली की मग आमचं जेवण. हौसा मागच्या बाजूला आट्याच्या गोणीवर बसायची, ताट मांडीवर घ्यायची. आणि पहिला घास घेतला की तिचे डोळे मिटायचे. रोज. वांगं असो नाहीतर पाणचट डाळ असो. डोक्यावरचा पदर घसरलेला, भुवईला पीठ, गाल घासाने फुगलेला आणि डोळे मिटलेले. कॅन्टीनचे शेवटचे दिवस होते तेव्हा मी मोबाइलवर तो एक फोटो गुपचूप काढला. दुसऱ्यांना वाढणाऱ्या बाईला जेवताना कुणी बघत नाही. मी बघितलं होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

गुपचूप का, तर हौसाला फोटो म्हणजे नथ, हिरवी पैठणी आणि खांबासारखं ताठ उभं राहणं. आणि जेवताना कुणी बघितलं तर ती ताट घेऊन पाठ करायची. ती हो म्हणणार नाही अशी माझी खात्रीच होती.

वर्षातून एकदा आमचं प्रदर्शन व्हायचं, त्याच वर्गात. त्या वर्षी मी हौसाचा फोटो टेबलावर ठेवला. सगळे टेबलावर वाकले. मग पोरगी म्हणाली, "मला भूक लागली." भाई म्हणाले, "मला अम्मी आठवली." साहेबांनी पिवळा टॅग काढला. "फोटो पास आहे. ग्राहकाची सही येईपर्यंत होल्ड." आणि चार दिवसांसाठी ते मुलीकडे नाशिकला निघून गेले.

मी निघोज्याला गेले का? नाही गेले. कॅन्टीन सुटून तीन वर्षं झाली होती. आधी फोन व्हायचे, मग नातवाचं आजारपण, माझे गुडघे, तिच्या मुलाचं बांधकाम, असं करत करत फोनही बंद पडले. तीन वर्षांनी जायचं आणि काय म्हणायचं? तुझा जेवतानाचा फोटो काढला होता चोरून, सही दे? माझी छाती होईना. मग मंगळवारी दुपारी मी पेन घेतला आणि फोटोमागे हौसाची सही करून टाकली. तारीख घातली.

खोटं कशाला बोलू, हाताला जडही गेलं नाही. कॅन्टीनमध्ये फ्रीजचं रजिस्टर असायचं, रोज तीनदा टेम्परेचर बघून लिहायचं. ते मी महिन्याच्या शेवटी एका बैठकीत भरायची. चार, साडेचार, चार, पाच. सगळ्याच कॅन्टीनमध्ये तसंच भरतात. तपासायला आलेला माणूसही तसंच भरलेलं बघून सही करायचा. तशी हाताला सवयच होती.

फोटो नेऊन पोरीकडे दिला, सही बघून ती खूश झाली. साहेब गावाला आणि प्रदर्शनाचा रविवार जवळ आलेला, म्हणून तिनेच आमंत्रणपत्रिका केली. पत्रिकेवर कुठला फोटो? हौसाचा! भाईंनी आणि तिने मिळून शे-दीडशे लोकांना मोबाइलवर धाडलीसुद्धा. मला कळलं तेव्हा ती माझ्याही मोबाइलवर येऊन पडली होती.

गुरुवारी सकाळी साहेब नाशिकहून आले, पोरीकडून फोटो घेतला आणि थेट माझ्या दारात. हातात हौसाचा फोटो, उलटा धरलेला.

"ताई, ही सही कुणाची?"

"हौसाची."

"कधी घेतली?"

"मंगळवारी. लिहिलंय ना त्यावर."

"बसने गेला होतात?"

"हो."

ते खाली बसले. फोटो टेबलावर ठेवला. आवाज चढवला नाही. म्हणाले, "माणूस स्वतःची सही करताना कागदाकडे बघतसुद्धा नाही. ही सही कुणीतरी फार जपून केली आहे."

मी त्यांच्यासमोर बसून रडले. फ्रीजचं रजिस्टरही सांगून टाकलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. साहेब ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पाणी प्या. लॉट परत मागवावा लागेल."

गाड्यांच्या कंपन्या एखादा पार्ट खराब निघाला की गाड्या परत मागवतात ना, तसं. मला वाटलं, बोलण्याची त्यांची पद्धत आहे. पण शुक्रवारी त्यांनी खरंच सगळ्यांना संदेश पाठवला. मी पाठ केलाय तो: "आमंत्रणपत्रिकेतील छायाचित्र तपासणीत अडकल्याने परत मागवण्यात येत आहे. कृपया आपल्या मोबाइलमधून काढून टाकावे व काढल्याचे कळवावे." ज्यांनी कळवलं नाही त्यांना फोन. ज्यांनी फोन उचलला नाही त्यांच्या दारात स्वतः, स्कूटरवर, यादी घेऊन. एकेका नावापुढे बरोबरची खूण. आमच्या बुद्धविहारातल्या एका बाईंना तर दारात उभं राहून मोबाइलमधून फोटो काढून टाकायला लावला आणि खात्री केली. त्या मला विचारतात, "अगं, त्या फोटोत नेमकं आहे तरी काय?"

भाई कपाळाला हात लावून बसले. "साहेब, निम्म्या लोकांनी पत्रिका उघडलीच नव्हती! आता सगळ्यांनी उघडून बघितली. माझ्या मेहुण्याने तर मोठा करून बघितला, काय खराबी आहे म्हणून. त्याने पुढे अजून दहा जणांना पाठवला."

"का पाठवला?"

"त्यांना तरी खराबी दिसते का बघायला!"

आमचे हे म्हणाले, "तुझा फोटो अख्ख्या पिंपरी-चिंचवडने बघितला. आता प्रदर्शन केलं नाही तरी चालेल." मी माझं ताट तसंच झाकून ठेवलं. कारण पिंपरी-चिंचवडने बघितला म्हणजे निघोज्यानेही बघितला असणार. हौसाला हे दुसऱ्याच्या मोबाइलवर दिसलं तर तिच्या लेखी मी कोण? जिने चोरून फोटो काढला, गावभर वाटला आणि वर खोटी सही केली ती. अठरा वर्षं एका ओट्यावर काढली ती ही बाई?

शनिवारी सकाळी साहेब स्कूटर घेऊन आले. "चला, ग्राहकाकडे."

मागच्या सीटवर मी, मांडीवर चादरीत गुंडाळलेला, प्रदर्शनासाठी मोठा करून घेतलेला फोटो. चाकणच्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा, आणि साहेब त्या रांगांमधून तीसच्या वर जाईनात. मागून हॉर्न, शिव्या. एक ट्रकवाला खिडकीतून ओरडला, "ओ काका, स्कूटर चालवताय का मिरवणूक काढताय?" एरवी मी हसले असते. निघोज्याच्या फाट्यावर साहेबांनी स्कूटर थांबवली. मागे न वळताच म्हणाले, "मी फक्त सहीसाठी आलोय. बाकी काय सांगायचं, किती सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी काही बोलणार नाही."

हौसाच्या मुलाने दोन मजली घर बांधलंय, वरच्या खोल्या कंपनीच्या पोरांना भाड्याने दिल्यात. हौसा अंगणात शेंगा फोडत बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही.

"या! खोटा माल परत न्यायला आलात व्हय?"

माझे पाय तिथेच थांबले.

"सुनेच्या मामाचा फोन आला," ती शेंगा फोडत बोलत होती. "म्हनला, आक्का, तुजा फोटू पत्रिकेवर आलाय. म्या म्हनलं दाव. बघितला. रातभर उशाला घेऊन झोपले म्या मोबाइल. आन् दुसऱ्या दिशी त्योच मामा म्हंतो, आक्का, तुजा फोटू परत मागवलाय, तपासनीत अडकला. काय खोट निघाली गं माज्यात? काय अडकलं?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब तुळशीकडे बघत होते. शब्दाला पक्के.

म्हणून मग मी सांगितलं. सगळं. चोरून काढला इथपासून मंगळवारची सही, पत्रिका, सगळं. "खोट तुझ्यात नव्हती हौसे, सहीत होती. ती मी केली."

हौसाने हातातली शेंग खाली टाकली. ती उठली आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मी अंगणात उभी आणि साहेब माझ्या शेजारी, दोघं शाळेत शिक्षा झाल्यासारखे. बऱ्याच वेळाने ती पाण्याचे दोन तांबे घेऊन आली. डोळे लाल होते.

"सहीचं मला काय कवतिक न्हाई," ती म्हणाली. "कॅन्टीनात मला उशीर झाला की हजेरीवर माजी सही तूच ठोकत हुतीस. माज्यापरीस तुलाच चांगली येती."

साहेबांनी चटकन दोन्ही कानांवर हात ठेवले. "हे मी ऐकलेलं नाही."

हौसाने त्यांच्याकडे लक्षही दिलं नाही. माझ्याकडेच बघत होती. "सही घ्यायची म्हंजी हितं यायला लागलं असतं. म्हून तू सही केलीस. व्हय का न्हाई? तीन वर्सं झाली गं. निदान ह्येच्या निमतानं तरी आली असतीस."

मला वाटलं होतं ती फोटोबद्दल बोलेल, पदराबद्दल बोलेल, चारचौघांत लाज घालवलीस म्हणेल. हे मला सुचलंच नव्हतं. मी तिच्या हातातला तांब्या घेतला, खाली ठेवला आणि तिचे हात धरले. म्हटलं, "चुकलं."

"चुकलंच," ती म्हणाली. पण हात काढून घेतले नाहीत. मग म्हणाली, "दाव तरी मोठा क्येलेला कसा दिसतुया."

चादर सोडली. हौसा लांबून बघत राहिली, मग जवळ आली, मग पुन्हा लांब गेली. "म्या जेवताना अशी दिसते?"

"रोज दिसायचीस."

"बरी दिसती की. सुखात दिसती बया." मग एकदम साहेबांकडे वळली. "ओ तपासनीस, भूक लागली का न्हाई तुमास्नी?"

साहेब कुणाकडे सही घ्यायला गेले तर पाणीसुद्धा घेत नसत. ग्राहकाचं खाल्लं की तपासणी ढिली पडते म्हणायचे. त्यांनी तसं सांगायला तोंड उघडलं. हौसा म्हणाली, "जेवल्याबिगर सही मिळायची न्हाई." साहेब जेवायला बसले. भाकरी होती. मी डोळ्यांनी खुणावलं, पट्टी काढू नका. काढली नाही. जेवण झाल्यावर हौसाने हात पुसले, फोटो उलटा केला आणि कागदाकडे न बघता, माझ्याशी बोलता बोलताच, सही ठोकून दिली.

परत येताना माझ्या छातीवरून गोणी उतरल्यासारखं वाटलं. रस्ता तोच, कंटेनर तेच. साहेब तीसच्या वर गेले नाहीत ते नाहीतच, पण मी मागे बसून मोठ्याने गाणं म्हणत होते.

रविवारी हौसा आली. नथ, हिरवी पैठणी, सोबत सून आणि तो मामा. परत मागवलेला फोटो बघायला एवढे लोक आले की वर्गात पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या प्रदर्शनाला तेवढी गर्दी कधी झाली नाही. हौसा आपल्या फोटोशेजारी खांबासारखी ताठ उभी. कुणी जास्त वेळ बघितलं की विचारायची, "सापडली का खोट?" लोक लाजून नाही म्हणायचे. "मग सरका फुडं, मागल्यांना बघू द्या."

मला तिचा तिथे उभी असतानाचा फोटो काढायचा होता. जवळ जाऊन म्हटलं, "हौसे, काढू का?"

"काढ की. त्या तपासनीसाला बी घे. ओ साहेब, या हिकडं!"

साहेब आले. मी त्यांनाही विचारलं, काढू का म्हणून. त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला, भिंतीला टेकवून त्यावर सही केली, तारीख घातली आणि माझ्या हातात दिला.

भाई बघत होते. म्हणाले, "साहेब, हे कसं? फोटो अजून काढलाच नाही, आणि तुम्ही आधीच सही?"

"कंपनीत काही सप्लायर असे असतात भाई," साहेब म्हणाले, "की त्यांचा माल आला की कुणी तपासत नाही. गाडीतून उतरतो तो सरळ लाइनवर जातो. माझ्या सगळ्या नोकरीत असे दोनच झाले."

आणि हौसाच्या शेजारी जाऊन, हात मांड्यांना चिकटवून, तेही ताठ उभे राहिले.